तीन नंबरचा टॅब

गेला दीड महिना माझ्या अर्ध्या टेबलावर एका चर्चनं ठाण मांडलंय. कागदाचं चर्च, वीतभर उंच, शंभरेक वर्षांपूर्वी कुणीतरी छापील शीट कापून, घड्या घालून, चिकटवून उभं केलेलं. माझ्याकडे आलं तेव्हा मनोरा एका बाजूनं चेपलेला होता, छपराचा एक उतार सुटून आत पडला होता, खालच्या पुठ्ठ्याची कड कसरीनं खाल्ली होती आणि वर धुळीचा असा थर की विटांचा लाल रंग पार मातकट दिसत होता. ज्यांनी दिलं ते म्हणाले, बघा काही होतंय का, नाहीतर द्या टाकून. मी ते दोन्ही हातांनी, खालून आधार देऊन उचललं आणि तसंच घरी आणलं, पिशवीत घालायचा धीरच झाला नाही.

या चर्चवर काम करता करता जे डोक्यात घोळत होतं ते लिहून काढतेय. जुनी कागदी मॉडेलं बांधणं आणि जुनी कागदी मॉडेलं जपणं ही दोन वेगळी कामं आहेत, दोन्हीला कात्री, चिमटा आणि खळ लागते म्हणून ती एकच वाटतात एवढंच. बांधताना आपण मालक असतो, आपल्याला हवं ते करावं. जपताना मालक दुसरं कुणीतरी असतं, ज्यानं ते पहिल्यांदा कापलं तो माणूस, आणि त्याच्या हाताला आपण धक्का लावायचा नाही. हे मला पटायला बरीच वर्षं लागली आणि त्या वर्षांत मी काही गोष्टी कायमच्या बिघडवल्या, त्या पण सांगते.

आधी थोडं ही शीट्स आली कुठून त्याबद्दल, कारण त्याशिवाय त्यांचा कागद असा का वागतो ते कळत नाही. १७९०च्या दशकात म्युनिकमध्ये आलोइस झेनेफेल्डरनं लिथोग्राफी शोधून काढली, म्हणजे दगडावर तेलकट शाईनं काढलेलं चित्र कागदावर उतरवायचं, आणि त्यामुळे चित्र छापणं एकदम स्वस्त झालं. फ्रान्समधल्या एपिनाल गावात पेलरँ यांचा छापखाना १७९६ पासून होता, धार्मिक चित्रं, सैनिक, गोष्टींची चित्रं असं सगळं ते छापायचे आणि रंग स्टेन्सिल ठेवून ब्रशनं भरायचे, आणि पुढे १९व्या शतकात त्यांनी कापून उभारायच्या इमारती, गाड्या, हलणारी खेळणी यांची शीट्स काढली. जर्मनीत एसलिंगेनला श्रायबर यांनी १८३१ मध्ये प्रकाशन सुरू केलं, त्यांची घरं, किल्ले, चर्चं इतकी चालली की श्रायबर-बोगन हे नाव आजही मॉडेलवाल्यांच्या तोंडी आहे. बोगन म्हणजे जर्मनमध्ये शीट.

इंग्लंडात वेगळंच वेड होतं, कागदी रंगमंचाचं. खऱ्या नाटकातले नट, पडदे, बाजूच्या विंगा सगळं शीटवर छापलेलं, घरी कापायचं आणि टेबलावर नाटक करायचं. साधं शीट एक पेनीला आणि रंगवलेलं दोन पेनींना. लंडनच्या हॉक्स्टन भागात बेंजामिन पोलॉक नावाचे गृहस्थ हे दुकान चालवायचे, सासऱ्यांकडून आलेलं, ते १९३७ मध्ये वारले तोपर्यंत. त्यांच्या दुकानात रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनसुद्धा जायचा आणि १८८४ मध्ये त्यानं या खेळण्यावर एक लेखच लिहिला. पुढे दुसऱ्या महायुद्धात कागदाचा तुटवडा असताना जेफ्री हायवेनं १९४१ मध्ये मायक्रोमॉडेल्स काढली, पोस्टकार्डाएवढ्या कार्डांवर छापलेली इंजिनं, जहाजं, इमारती, त्यातले काही भाग तांदळाच्या दाण्याएवढे. आणि पोलंडमध्ये १९५७ पासून मावी मोदेलाश हे मासिक निघायला लागलं, नावाचा अर्थच छोटा मॉडेलकार, त्यातून तिथल्या पिढ्याच्या पिढ्या कात्री धरायला शिकल्या.

यात एक गोष्ट मला फार लागते. ही शीट्स कापण्यासाठीच छापली होती. म्हणजे ज्या मुलाला शीट आवडलं त्यानं ते कापलं, बांधलं, खेळलं, पाण्यात पाडलं, मोडलं आणि संपवलं. जी आज कोरी मिळतात ती दुकानात न खपलेली, कुणाच्या कपाटात राहून गेलेली, नाहीतर कुणी आणून वेळच न मिळालेली. त्यामुळे माझ्या बघण्यात न कापलेली जुनी शीट्स बरीच आलीत, पण त्या काळी बांधलेली मॉडेलं अगदी मोजकी. आणि तरी लोक कोऱ्या शीटला हात लावताना श्वास रोखतात आणि बांधलेल्याला खेळणं म्हणून कसंही उचलतात.

आता कागद. जुना म्हणजे नाजूक असं सरसकट नसतं बरं का. चिंध्यांपासून केलेला दोनशे वर्षांपूर्वीचा कागद हातात घ्या, तो वाकतो, खुळखुळतो, घडी सोसतो. आणि १९२० चं शीट घडी घालताच बिस्किटासारखं तुटतं. कारण १८०७ मध्ये जर्मनीत मोरिट्झ इलिगनं कागदाला राळ आणि तुरटीचं सायझिंग, म्हणजे शाई न शोषण्याचा संस्कार, द्यायची पद्धत छापून आणली, शाई फुटू नये म्हणून, आणि त्या तुरटीतून कागदात आम्ल तयार होत राहतं. मग १८४४ मध्ये केलरनं लाकूड दगडावर घासून लगदा करायची युक्ती काढली, कागद स्वस्त झाला पण लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन तसंच राहिलं. लिग्निनला उजेड लागला की कागद पिवळा आणि मग तपकिरी पडतो, आणि आम्लामुळे तंतूंच्या लांब साखळ्या तुटून आखूड होत जातात. मॉडेलमध्ये तर प्रत्येक कडेला घडी, म्हणजे जिथे तंतू आधीच मोडलेत तिथेच सगळा ताण. माझ्या चर्चचा मनोरा चेपला तो वर काहीतरी ठेवल्यामुळे, पण फाटला मात्र बरोब्बर घडीवरच.

माझी पहिली मोठी चूक याच घडीवरची. खूप वर्षांपूर्वी एक कागदी पवनचक्की माझ्याकडे आली, घड्या उकलत होत्या, मी सरळ आतून चिकटपट्टी लावली, मस्त बसली, दोनेक वर्षं छान दिसली. मग पट्टीचा गोंद कागदात उतरला, बाहेरून तेलकट पारदर्शक डाग दिसायला लागले, आणि शेवटी प्लॅस्टिकची पट्टी आपोआप गळून पडली, गोंद आणि डाग मात्र तिथेच. तो डाग काढायला सॉल्व्हंट लागतं आणि ते घरी करायचं काम नाही, तरी पूर्ण जातच नाही. त्यामुळे ज्यांना कुणाला जुनं मॉडेल मिळालंय त्यांना हात जोडून सांगते, चिकटपट्टी नको, कुठलीच नको, डॉक्युमेंट टेप लिहिलेली असली तरी नको. लॅमिनेशन तर त्याहून नको, वितळलेलं प्लॅस्टिक कागदाच्या तंतूत शिरतं ते परत निघत नाही. आणि एकदा मी एक सुंदर एपिनाल शीट फ्रेमला दिलं होतं, त्या माणसानं ते उष्णतेनं पुठ्ठ्यावर घट्ट चिकटवून दिलं, विचारलं पण नाही, म्हणाला आता कधी सुरकुती पडणार नाही. सुरकुती नाही पडली, पण मागचा आम्लाचा पुठ्ठा आता त्याच्यात मुरतोय आणि मला तो सोडवता येत नाहीये.

तर चर्च. सुरुवात फोटोपासून, सहा बाजूंनी, आतून पण, आणि सुटलेला प्रत्येक तुकडा कागदावर ठेवून त्याची जागा लिहून. मग मऊ ब्रशनं धूळ, ब्रश स्वतःच्या दिशेनं न ओढता बाहेर झाडायचा आणि खाली एक हात आधाराला. मग रबरी स्पंज, जो काजळी काढायला वापरतात तो, त्याचे छोटे तुकडे कापून हलक्या हातानं टेकवत जायचं, घासायचं नाही. विटांचा रंग वर यायला लागला तेव्हा काय वाटलं ते लिहून सांगता येणार नाही, इतका ताजा लाल, आतल्या अंधारात राहिल्यामुळे छपराखालचा भाग तर काल छापल्यासारखा.

आणि आत बघितलं. टॉर्च मारून, डेंटिस्टचा असतो तसा छोटा आरसा धरून. खिडक्या कापून काढलेल्या होत्या, शीटवर त्या नुसत्या छापलेल्या असतात, पण या माणसानं त्या कापल्या आणि मागून लाल आणि पिवळा पातळ कागद लावला, म्हणजे आत मेणबत्ती ठेवली की खिडक्या उजळाव्यात. ठेवली पण असणार, कारण छपराच्या आतल्या बाजूला बोटाएवढा काजळीचा डाग आहे, मधोमध. आणि त्या डागाच्या थोडं खाली, मनोऱ्याजवळच्या टॅबवर, म्हणजे दुसऱ्या भागाला चिकटवायला ठेवलेल्या पट्टीवर, छापलेला ३ हा आकडा पेन्सिलनं खोडलेला आणि शेजारी बारीक अक्षरात ४ लिहिलेला. मला वाटलं मुलाचा गोंधळ झाला असेल, कुठला टॅब कुठे ते कळलं नसेल. रबरी स्पंज हातात होता, टॅब मळलेला होता, आणि एक क्षण मी ते पुसायला निघाले होते. थांबले ते काही तत्त्व आठवून वगैरे नाही, फक्त हात पोचेना म्हणून. रात्री झोपताना लक्षात आलं की आपण काय करणार होतो.

काजळी तशीच ठेवली. त्याबद्दल एका ओळखीच्या संग्राहकाशी माझा वाद झाला, त्यांचं म्हणणं काजळी आम्ल धरते, काढलीच पाहिजे. बरोबर आहे, सैल काजळी ब्रशनं काढली मी. पण कागदात बसलेला डाग हा त्या संध्याकाळचा पुरावा आहे, खिडक्या उजळलेल्या असताना कुणीतरी समोर बसून बघत होतं, आणि छप्पर तापल्यावर फुंकर मारून मेणबत्ती विझवली. ते पुसलं तर माझ्या हातात नुसतं एक छापील चर्च उरतं.

पाणी लावायच्या आधी चाचणी करायची, हे न चुकता. छापील लिथोग्राफची शाई तेलाची असते, ती सहसा पाण्याला दाद देत नाही. पण हातानं भरलेले रंग पाण्याचे असतात आणि ते कुठला कधी फुटेल सांगता येत नाही. माझ्या एका रंगमंचाच्या शीटवर राजाच्या झग्याचा लाल असाच फुटला, मी सुरकुती काढायला ओलसर टीपकागद ठेवला आणि पाच मिनिटांत शेजारच्या राणीचा चेहरा गुलाबी. आता मी प्रत्येक रंगावर, न दिसणाऱ्या जागी, टाचणीच्या टोकावर मावेल एवढा पाण्याचा थेंब ठेवते, थोडं थांबते आणि पांढऱ्या कापसानं टिपते. कापसावर जरा जरी रंग आला तर त्या भागाला ओलावा बंद. आणि हातानं रंगवलेल्या जुन्या शीटवर अगदी झगझगीत हिरवा असेल तर नायट्राइलचे हातमोजे घालते, कारण १८१४ पासून श्वाइनफुर्टमध्ये बनणारा एमराल्ड ग्रीन हा रंग तांबं आणि आर्सेनिकचा होता आणि १९व्या शतकात तो वॉलपेपरपासून पुस्तकांच्या कापडी बांधणीपर्यंत सगळीकडे पोचला होता. बाकी वेळी हातमोजे नको, सुती तर नकोच, त्यात बोटांना काही कळत नाही आणि टॅब अडकून फाटतात, स्वच्छ धुतलेले कोरडे हात पुरे.

चेपलेला मनोरा सरळ करायला मला चार दिवस लागले. कोरडा कागद दाबून सरळ करायला गेलं तर तुटतो, म्हणून आधी त्याला थोडा ओलावा द्यायचा, तो पण पाणी न लावता. ओलसर टीपकागद, त्यावर पाणी न झिरपता फक्त बाष्प जाऊ देणारं गोरटेक्सचं कापड, ते चेपलेल्या भागावर दहा मिनिटं टेकवून ठेवलं, कागद मऊ झाला की आतून मऊ टिश्यूची गुंडाळी हळूहळू सरकवत फुगवत न्यायची, बाहेरून कोरडा टीपकागद धरायचा आणि वाळेपर्यंत तसंच राहू द्यायचं. एका दिवसात जेवढं उठेल तेवढंच. पहिल्या दिवशी फार काही झालं नाही, दुसऱ्या दिवशी एक कोपरा उठला, आणि तिसऱ्या दिवशी मनोऱ्यावरचं घड्याळ दिसायला लागलं, छापील घड्याळ, चेपलेल्या घडीत पूर्ण लपलेलं, त्यात दहा वाजून दहा मिनिटं झालेली.

जुना सरस हा वेगळा प्रकार. त्या काळी घरोघरी प्राण्यांच्या हाडा-कातड्याचा सरस असायचा, तो वाळून काचेसारखा ठिसूळ होतो, म्हणून जुन्या मॉडेलचे टॅब फाटत नाहीत, सुटतात. सुटलेल्या टॅबवर तो पिवळा थर असतो, त्यावर नवीन खळ लावली तर धरत नाही. मिथाइल सेल्युलोजचा, म्हणजे पाण्यात फुगणाऱ्या एका भुकटीचा, जाडसर जेल त्यावर लावायचा, थोडा वेळ थांबायचं, सरस फुगून मऊ होतो, मग बोथट पात्यानं हलकेच खरवडून घ्यायचा. आणि जोडायला खळ, गव्हाच्या स्टार्चची, पिठाची नाही. पिठात ग्लूटेन असतं, ते पिवळं पडतं. स्टार्च एक भाग, पाणी चार-पाच भाग, थोडा वेळ भिजवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं सतत ढवळत शिजवायचं, पांढरा रंग जाऊन दुधी काचेसारखं झालं की उतरवायचं, गार झाल्यावर बारीक चाळणीतून दोनदा गाळायचं, मग लोण्यासारखं होतं. दोन-चार दिवसांत आंबतं, म्हणून थोडंच करायचं. फेविकॉलसारखा पांढरा गोंद जुन्या मॉडेलला का नाही, तर तो एकदा वाळला की परत सुटत नाही. खळ पन्नास वर्षांनीसुद्धा पाण्यानं सुटते, म्हणजे माझं काम चुकलं असेल तर पुढच्या माणसाला ते काढून टाकता येईल. मला हाच मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो.

फाटलेल्या घड्यांना आतून जपानी टिश्यू. तुतीच्या सालीपासून करतात, कोझो म्हणतात, इतका पातळ की मागचं अक्षर वाचता यावं पण तंतू लांब असल्यानं चिवट. कात्रीनं कापायचा नाही, पाण्याची रेघ ओढून हातानं फाडायचा म्हणजे कडेला केसाळ तंतू राहतात आणि जोड मूळ कागदात विरघळून जातो, टोकाची कड राहत नाही. चर्चला असे अकरा जोड लागले.

वरचा क्रॉस मात्र हरवलेलाच होता. तो मी नवीन केला, थोड्या फिकट कागदाचा, जवळून बघितलं की कळावं असा, आणि मागे पेन्सिलनं तारीख लिहून नुसत्या खळीच्या एका ठिपक्यावर बसवला.

नवीन केला तो कशावरून केला, तर इथे एक योग जुळून आला. देवाणघेवाण करणाऱ्या एकांकडे याच चर्चचं न कापलेलं शीट निघालं. माझ्याकडची दोन दुबार शीट्स देऊन मी ते घेतलं. पहिली रात्र नुसतं बघत बसले. आणि खरं सांगते, कात्री लावायचा मोह झाला, कारण त्या जुन्या कागदाला, त्या जुन्या शाईला जी खोली आहे ती प्रिंटरला येत नाही, आणि शेवटी ते शीट कापण्यासाठीच जन्माला आलंय असा पण एक विचार येतोच. काही लोक कापतात, मी त्यांना नावं ठेवत नाही. मी कापत नाही, कारण एकदा कापलं की मोजमापाचा पुरावा गेला, आणि स्कॅनवरून बांधलं तर चुकलं तरी पुन्हा छापता येतं.

स्कॅन करताना कागद ओढून घेणारी मशीन चालणार नाही, सपाट काचेचा स्कॅनर, ६०० डीपीआय, टिफ फाइल, आणि शीटच्या बाजूला एक स्टीलची पट्टी ठेवायची म्हणजे माप कायम शाबूत. शीट मोठं असेल तर तुकड्यांत, दोन-तीन सेंटीमीटर एकमेकांवर येतील असे, आणि शीट जबरदस्तीनं सपाट दाबायचं नाही. छापताना प्रिंटर स्वतःहून पानात बसवायला चित्र लहान करतो, ते बंद करायचं, शंभर टक्क्यांवरच छापायचं, आणि छापल्यावर पट्टी मोजून बघायची. मी कागद १६० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम) घेते, बारीक भागांना १२०. शाई पिगमेंटची (न विरघळणाऱ्या रंगकणांची) असेल तर खळीनं फुटत नाही, डायची (विरघळणाऱ्या रंगाची) असेल तर फुटते, मग आधी वरून मॅट फिक्सेटिव्ह मारून घ्यायचा.

बांधायच्या कामाबद्दल दोनच गोष्टी, बाकी हात शिकवतो. एक म्हणजे कागदाची नस. कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूनं ओला करा, तो नळीसारखा वळतो, त्या नळीची लांबी ज्या दिशेला ती नस. गोल बुरूज, खांब, चिमणी यांची उभी बाजू नसेच्या दिशेनं ठेवली तर कागद आपणहून वळतो, उलट ठेवली तर त्याला बारीक बारीक मोडी पडतात आणि मग कितीही करा, ते गोल दिसत नाही. दुसरं, घडी घालायच्या आधी रेघ दाबून घ्यायची, कापायची नाही, शाई संपलेलं बॉलपेन यासाठी उत्तम. आणि कापलेल्या कडा पांढऱ्या दिसतात त्यांना जवळच्या रंगाची पेन्सिल फिरवायची, एवढ्यानं मॉडेल एकदम जिवंत होतं.

ठेवायचं कसं, ते थोडक्यात. आम्लरहित पुठ्ठ्याचा डबा, मॉडेलच्या पोटात चुरगाळलेला आम्लरहित टिश्यू, सैलसर, आधाराला. कोरी शीट्स पॉलिस्टरच्या फोल्डरमध्ये, पीव्हीसीत कधीच नाही. रबरबँड, स्टेपल, क्लिप काढून टाकायच्या. ओलावा ३५ ते ५० टक्क्यांच्या आसपास आणि मुख्य म्हणजे वर-खाली होऊ न देता, कारण प्रत्येक चढउताराला कागद फुगतो आणि आकसतो आणि जोड सैल होतात. बाहेरच्या भिंतीला लागून किंवा जमिनीवर ठेवायचं नाही. दाखवायला बाहेर काढलं तर ५० लक्सच्या वर उजेड नको आणि काही महिन्यांनी परत डब्यात, उडालेला रंग परत येत नाही. कसर खळीला आणि सरसाला येते, म्हणून दर दोन महिन्यांनी डबा उघडून बघायचा, नुसतं बघायचं. डब्यात मी एक चिठ्ठी पण ठेवते, काय केलं, कुठे टिश्यू लावला, कुठली वस्तू नवीन.

परवा रात्री स्कॅनवरची प्रत बांधायला बसले. भिंती झाल्या, मनोरा झाला, घड्याळ दहा वाजून दहा मिनिटं दाखवत समोर उभं. मग छपराचा उतार. ३ नंबरचा टॅब, ३ लिहिलेल्या भिंतीवर, खळ लावली, दाबून धरलं, सोडलं, आणि छप्पर एका बाजूनं दोन-तीन मिलिमीटर वर राहिलं, मनोऱ्याला टेकेचना. उचलून परत लावलं, तेच. मला वाटलं कापताना चुकलं, मोजलं, बरोबर होतं. प्रिंटर चुकला म्हणून मूळ शीटवर पट्टी ठेवली, तेही बरोबर. मग तो टॅब नुसता हातानं शेजारच्या ४ नंबरच्या भिंतीवर टेकवून बघितला आणि छप्पर टक् करून जागेवर बसलं.

छपाईतच आकडा चुकला होता. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी असंच बसून, टॅब उचलून, लावून, परत उचलून हे शोधलं होतं आणि पुढच्या वेळेला लक्षात राहावं म्हणून तिथेच पेन्सिलनं दुरुस्त करून ठेवलं होतं, आणि मी ते गोंधळ समजून पुसायला निघाले होते. डबा उघडला, आरसा धरला, टॉर्च लावून परत एकदा ते अक्षर बघितलं. ४ ची वरची रेघ जरा जोरात दाबलेली आहे, कागद तिथे खोलगट झालाय.

मग टेबलाशी आले, खळ अजून ओली होती, टॅब सोडवला, ३ वर काट मारली, शेजारी ४ लिहिला आणि छप्पर लावलं.